शेजार, साक्ष आणि सलोखा : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील उपद्रवविषयक तंट्यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, महसूल, वतन, कर्ज आणि जात या विषयांभोवती झाले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु गावातील माणसाच्या नित्याच्या जीवनात ज्या भांडणांनी पुष्कळ जागा व्यापली ती याहून लहान होती. वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, उकिरडा कोणाच्या भिंतीला लागून असावा, सुटलेली गुरे कोणाच्या उभ्या पिकात शिरली, बांध कोणी कोरला, पाणंद कोणी नांगरून टाकली, रात्री कोणाच्या दारापुढे वाद्ये वाजली, अशा स्वरूपाचे हे तंटे होत. ऐतिहासिक साधनांत त्यांची नोंद तुरळक सापडते, कारण लिहून ठेवावेत एवढ्या मोलाचे ते कोणालाच वाटले नाहीत. मात्र खून-मारामारीच्या अनेक खटल्यांच्या मुळाशी असाच एखादा बांध किंवा सांडपाण्याची मोरी असते, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही वकिलास किंवा पोलीस पाटलास सांगावे लागत नाही.

हे तंटे सोडविण्याच्या पद्धती गेल्या काही शतकांत कशा बदलत गेल्या, आणि त्या बदलात शेजाऱ्याच्या साक्षीचे स्थान काय राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. शेजाऱ्याचा उपद्रव हा गावात केवळ गैरसोयीचा प्रश्न कधीच नव्हता. तो हक्काचा आणि मानाचा प्रश्न होता. ज्या व्यवस्थेला हे समजले तिने विषमतेसह ते स्वीकारले, आणि जिने समता मानली तिला ते पुरते समजले नाही, असे या इतिहासाकडे पाहता वाटते.

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांतील शेजारी

शेजारधर्माच्या नियमांची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर, कुंपण, पाण्याचा निचरा, चूल, गुरे बांधण्याची जागा, दळण्या-कांडण्याची साधने यांचे शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर असावे याचे तपशील असून ते मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. दळण-कांडणाचा समावेश या यादीत व्हावा हे लक्षणीय आहे, कारण जात्या-उखळाचे हादरे आणि आवाज हा तेव्हाही भिंतीपलीकडच्या माणसाचा प्रश्न असला पाहिजे. घर, शेत व सीमा यांविषयीच्या तंट्यांचा निर्णय शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून असतो, हे तत्त्वही तेथे आढळते.

याज्ञवल्क्यस्मृतीने सीमाविवादात शेजारी, वृद्ध, गुराखी, सीमेवर नांगर धरणारे कुळवाडी आणि रानात वावरणारे लोक यांना निर्णायक साक्षीदार मानले. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. या यादीत पंडित नाही, राजपुरुष नाही. जागेवर रोज पाय पडणारी माणसे आहेत. मालकाच्या डोळ्यांदेखत आणि त्याने हरकत न घेता दुसऱ्याने जमिनीचा २० वर्षे भोग घेतला तर मूळ मालकाचा दावा दुबळा होतो, असेही ही स्मृती सांगते. पुढे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वाट, उजेड, पाणी यांच्या वहिवाटीसाठी हाच २० वर्षांचा आकडा घातला. तो इंग्लंडच्या कायद्यातून आला होता; दोन दूरच्या परंपरांनी एकाच मुदतीवर येऊन थांबावे हा योगायोग असला तरी गमतीचा आहे. एका पिढीने गप्प राहून सोसले ते पुढच्या पिढीला हक्क म्हणून मान्य करावे लागते, हा अनुभव बहुधा दोन्हीकडे सारखाच असावा.

गोतसभा आणि तिचा कागद

शिवकाल व पेशवेकाल यांतील गावपातळीवरील न्यायाचे साधन म्हणजे गोतसभा. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात महजर व निवाडपत्रे यांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेची जी मांडणी केली, ती आजही या विषयाच्या अभ्यासकाला मार्गदर्शक ठरते. वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात. निर्णय मान्य करू असे राजीनामे आणि त्याबद्दल जामीन आधीच घेतले जात. त्यानंतर कागदपत्र, वहिवाट आणि साक्ष यांचा विचार होई. साक्षीदाराला देवळात नेऊन बेलभंडार उचलावयास लावीत. यातून उलगडा झाला नाही तरच दिव्याचा मार्ग राही. निकाल झाल्यावर हरणारा यजितखत लिहून देई, जिंकणारा सरकारात हरकी भरी. महजरावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही नावे येत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आणि बलुतेदाराच्या नावापुढे त्याच्या धंद्यातील हत्याराची खूण.

यातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिली म्हणजे निर्णयापूर्वी घेतलेला राजीनामा. उभय पक्षांनी निकालाचे ओझे आधीच पत्करलेले असे. दुसरी गोष्ट म्हणजे हरणाऱ्याने स्वतः लिहून दिलेले यजितखत. आजच्या न्यायालयात हरलेला पक्षकार अपिलाचा विचार करीत बाहेर पडतो. गोतसभेत त्याला आपल्या हाताने आणि सर्वांसमक्ष दावा सोडावा लागे. त्यात अपमान होता हे खरे. परंतु त्या कागदानंतर तोच तंटा पुन्हा उकरून काढणे लाजिरवाणे ठरे, आणि शेजारी राहण्यासाठी तेवढे पुष्कळ होते. अर्थात याचे चित्र फार गोजिरे रंगविण्याचे कारण नाही. हरलेल्या पक्षाने दुसऱ्या थळाची मागणी करून तोच वाद पुन्हा उभा केल्याची उदाहरणे कागदपत्रांत आहेत आणि काही वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

सीमेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे. गावाची सीव त्याने राखायची, ती चालून दाखवायची, खोटी चालल्यास देवाचा कोप त्याच्यावर. ज्याला गावकुसाच्या आत घर नव्हते त्याच्या पावलांनी गावाची हद्द ठरावी, ही विसंगती त्या व्यवस्थेच्या पोटातलीच होती. त्याची साक्ष हवी होती, शेजार नको होता.

उपलब्ध महजर बहुतांशी वतन आणि शिवेच्या तंट्यांचे आहेत, ही साधनांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. वळचणीच्या पाण्यासाठी कोणी महजर करीत नसे. तो प्रश्न पाटलाने चावडीवर दोन शब्द सुनावून मिटविला असेल किंवा मिटविला नसेल. तोंडी न्यायाचा इतिहास अशा रीतीने कागदाबाहेर राहिला.

आवाजाचा मान

ध्वनीच्या बाबतीत मात्र कागद बोलके आहेत. पाटीलकीच्या वाटणीची आणि विक्रीची जी पत्रे उपलब्ध आहेत त्यांत जमीन व हक्कांबरोबर मानपानाची तपशीलवार यादी असते. होळीची पहिली पोळी कोणाची, विडा प्रथम कोणाला, पोळ्याला कोणाचे बैल वाजतगाजत आधी निघावेत, वाजंत्री कोणाच्या दारी न्यावी, या गोष्टी लेखी ठरविल्या जात आणि त्यांवरून तंटेही होत. वाद्यांचा आवाज हा तेव्हा त्रास म्हणून मोजला जात नव्हता. तो कोणाच्या दारापुढे व्हावा आणि कोणाच्या दारापुढे होऊ नये हा प्रश्न होता. ज्याच्या घरापुढे वाजंत्री थांबली नाही त्याची तक्रार शांततेबद्दल असे, गोंगाटाबद्दल नव्हे.

हा आवाज काढणारे हात बहुधा मांग, गुरव किंवा अन्य वाजंत्री जातींचे होते. हलगी वाजविणाऱ्याच्या स्वतःच्या मुलाची वरात मात्र गावाच्या मुख्य वाटेने वाजत जाऊ शकत नसे. महाराष्ट्राबाहेरील, पण मराठी सत्तेखालील एक दाखला येथे देता येतो. इंदूर संस्थानातील काही गावांत बलाई जातीवर सवर्णांनी १९२८ च्या सुमारास जे नियम लादले, त्यांत सवर्णांच्या लग्नाच्या मिरवणुकीपुढे बलाईंनी वाद्ये वाजविलीच पाहिजेत असा एक नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या सुप्रसिद्ध भाषणपुस्तिकेत या प्रकरणाचा उल्लेख केला आहे. दलित नवरदेवाच्या वरातीस विरोध झाल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आजही येतात. या घटनांकडे ध्वनिप्रदूषणाच्या चौकटीतून पाहिले तर त्यांचा अर्थच लागत नाही.

तंट्याचे तीन तुकडे

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल सादर केला त्यात पंचायतीचे दोष त्याने झाकले नाहीत. विलंब, पंचांची टाळाटाळ, निर्णयाच्या अंमलबजावणीतील ढिलाई हे सर्व त्याने नोंदविले. तरीही हीच पद्धत शक्य तितकी टिकवावी असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात १८२७ च्या संहितेनंतर न्यायालये स्थिरावली आणि पंचायत मागे पडत गेली. राजीनामा न देताही, प्रतिपक्षाला पकडून आणणारी सत्ता उपलब्ध असताना, चावडीवर बसण्याची गरज बलवान पक्षाला उरली नाही.

१८६२ पासून भारतीय दंड संहिता अमलात आली. तिच्या २६८ व्या कलमातील उपद्रव हा सार्वजनिक असावा लागे. तो जनतेला किंवा परिसरातील लोकांना सर्वसाधारणपणे बाधणारा हवा. एका शेजाऱ्याने दुसऱ्याला दिलेला त्रास त्या व्याख्येत सहजी बसत नव्हता. त्यासाठी दिवाणी न्यायालय होते. मुंबई इलाख्याला पुढे लागू झालेल्या सुविधाधिकार कायद्याने वाट, निचरा, हवा, उजेड यांचे हक्क दिवाणी दाव्याचे विषय केले. शेताची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्याची तक्रार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली महसूल अधिकाऱ्याकडे करण्याची सोय झाली. बांधावरून जाण्याच्या वाटेसाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील १४३ वे कलम आहे.

याचा परिणाम गावातून पाहिल्यावर कळतो. एका शेतकऱ्याने बांध सरकवला. त्यामुळे पाणी तुंबून शेजाऱ्याचे पीक कुजले, त्याची गाडीवाट बंद झाली, आणि जाब विचारता शिवीगाळ होऊन हातघाई झाली. गावाच्या दृष्टीने हा एकच तंटा. कायद्याच्या दृष्टीने वाट आणि पाणी तहसीलदाराकडे, नुकसानभरपाई दिवाणी न्यायालयात आणि शिवीगाळ पोलीस ठाण्यात. तीन ठिकाणच्या तारखा, तीन वेगवेगळे निकाल, आणि त्यांतला एकही दोघांनी एकमेकांशी बोलावे की नाही याविषयी काही सांगत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण गावकऱ्याच्या तोंडी इतकी रुळली त्याचे एक कारण हेही असावे.

गावात उरला तो पोलीस पाटील. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने शिवीगाळ व किरकोळ मारहाणीबद्दल माणसाला चावडीत २४ तासांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार त्याला दिला होता. त्याचे पद वंशपरंपरागत असल्याने तो स्वतःच कित्येक तंट्यांत एक पक्ष असे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरा जाऊन नेमणूक आली.

ब्रिटिश कायद्यांपैकी एकच कायदा गावाने मनापासून आत्मसात केला असे म्हणता येईल, तो म्हणजे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, अर्थात कोंडवाडा. पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात नेऊन घालायचे, मालकाने दंड आणि खुराकीचा खर्च भरून सोडवून न्यायचे. येथे शेजाऱ्याविरुद्ध फिर्याद करावी लागत नाही. दोषी जनावर असते. दंडाची रक्कम ठरलेली असल्याने घासाघीस नाही आणि मालकाला मान खाली घालावी लागत नाही. इतका साधा तोडगा उपद्रवाच्या अन्य प्रकारांना मिळाला नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) या संक्रमणाच्या मध्यावर लिहिला गेला. महसूल खात्यातील अनुभवातून आलेल्या या ग्रंथात गावकीच्या परस्परावलंबनाबरोबर त्यातील जुलूम आणि फुकटखाऊपणा यांचेही निर्भीड चित्रण आहे. जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी इंग्रजी न्यायालयांना डावलून गावोगाव निवाडे केले. तो प्रयोग अल्पजीवी ठरला. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतीची तरतूद होती. ती मूळ धरू शकली नाही आणि पुढे कायद्यातून वगळण्यात आली.

डेसिबल आणि अनामिक तक्रारदार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाच्या आवाजाचे स्वरूप पालटले. पिठाची गिरणी, तेलावर चालणारे पाण्याचे इंजिन, मंदिर-मशिदींवरील कर्णे, लग्नातील बँड आणि अलीकडचा डीजे यांनी ध्वनीला वाजविणाऱ्याच्या दमाची मर्यादा ठेवली नाही. हलगीवाला थकतो, यंत्र थकत नाही. शिवाय मान मिळविण्यासाठी आता वतनपत्र लागत नाही, भाड्याचे पैसे लागतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाजतगाजत जाता आले नाही त्यांच्या हाती कर्णा आला तेव्हा तो मोठ्याने वाजला, हे समजण्यासारखे आहे. भिंतीपलीकडील आजारी म्हाताऱ्याचा आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीचा त्रास त्यामुळे कमी होत नाही.

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियमावली जारी केली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी आली. वर्षातील ठराविक १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्यांना देता येऊ लागली. मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज असल्यास नागरिकास तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या नियमांना बळकटी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ च्या निकालात तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये यावर भर दिला.

शहरासाठी ही तरतूद मोलाची आहे. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात तिचा उपयोग किती? पोलिसांची गाडी वेशीतून आत आली की तक्रार कोणी केली हे सांगावे लागत नाही. त्या गल्लीत मुलगी बारावीला कोणाची, आणि वाजविणाऱ्याशी बांधाचे भांडण कोणाचे, हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच दूध संकलन केंद्राच्या रांगेत दोघांना उभे राहायचे असते. त्यामुळे माणूस बहुधा तक्रार करीतच नाही. जुन्या व्यवस्थेत साक्ष उघड होती आणि साक्षीदाराला गोताचे पाठबळ होते. नव्या व्यवस्थेत साक्षीदाराला संरक्षण म्हणून अदृश्य होण्याचा सल्ला मिळतो, आणि गावात अदृश्य होता येत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि सार्वजनिक उपद्रवाचा दंड २०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत गेला, परंतु ही अडचण दंडाच्या रकमेची नाही.

तंटामुक्त गाव मोहीम

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाने १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणावा लागेल. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तिचे प्रवर्तक. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडायची, गावातील दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंद करायची, उभय पक्षांना समोरासमोर बसवून तडजोड घडवायची आणि ती लेखी करायची, अशी तिची रचना होती. कायद्याने तोडलेले तीन तुकडे या समितीपुढे पुन्हा एका जागी आले, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. बांध, पाणी आणि शिवीगाळ यांवर एकाच बैठकीत बोलता येऊ लागले. तडजोडीच्या कागदावर दोन्ही पक्षांच्या सह्या घेणे ही गोतसभेच्या राजीनाम्याची आठवण करून देणारी गोष्ट होती, मग ती योजनाकारांच्या मनात असो वा नसो.

त्याचबरोबर गुणांकन आणि लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार हेही मोहिमेचे अंग होते. पुरस्कारामुळे गावे पुढे आली हे मान्य करावे लागेल. पण तंटे मिटल्याचे गुण मिळू लागले की तंटा नोंदविणारा माणूस गावाच्या आड येतो. ज्याची वाट अडली आहे त्यानेच गावाच्या नावासाठी गप्प बसावे, असा दबाव निर्माण होण्यास फार वेळ लागत नाही. ज्या घराला गावात चुलते-मामे नाहीत, जे घर वस्तीबाहेर आहे, ज्या घरात पुरुष नाही, त्यांच्या तडजोडीची सही कशी घेतली गेली हे कागदावरून कळत नाही. गोताचा दबाव हे शस्त्र दुधारी असल्याचे राज्य विधिमंडळालाही जाणवले होते. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा अधिनियम २०१७ मध्ये अमलात आला तो त्यातूनच.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचा दाखला येथे टाळता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. त्यामागील कारणांमध्ये जुना वाद होता तो त्या कुटुंबाच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचा. मामलेदाराच्या कायद्यात ज्याला सोपी प्रक्रिया आहे, दंडाधिकाऱ्याच्या कक्षेत जो येतो, आणि गोतसभेने दोन वृद्धांच्या साक्षीवर जो ऐकला असता, अशा प्रकारचा तो वाद. गाव त्या वाटेच्या बाजूने होते. शेजारी एकत्र आले होते, आणि उघड साक्ष देणारे त्या कुटुंबाचे लोकच होते: एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी पोलिसांपुढे नावे घेतली, त्यानंतर हे घडले. पुढे काही वर्षांनी याच गावाला तंटामुक्त गाव म्हणून शासनाचा पुरस्कार मिळाला. त्या कुटुंबातील वाचलेली एकमेव व्यक्ती तेव्हा गावात राहत नव्हती.